सुट्या भागांतून उभी राहणारी मोटरसायकल: पारखीचा आणि परवानगीचा प्रश्न

1950 साली नॉर्टन कंपनीने शर्यतीच्या मोटरसायकलसाठी बेलफास्टच्या रेक्स मॅककॅन्डलेसने आखलेले नवे चेसिस वापरायला घेतले. 'फेदरबेड' या नावाने ते गाजले आणि वेगात, वळणावर गाडी किती शांत राहू शकते याची कल्पनाच त्याने बदलून टाकली. त्याच काळात ब्रिटनमध्ये 500 सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारी जोरात होत्या. त्या मोटारवाल्यांना नॉर्टन मॅन्क्सचे इंजिन हवे असे, पण कंपनी ते सुटे विकत नसे. अख्खी मोटरसायकल घ्यावी लागे. इंजिन मोटारीत गेले की चेसिस, चाके, ब्रेक असा सांगाडा मागे उरे आणि तो कमी किमतीत बाजारात येई. दुसरीकडे ट्रायम्फचे दोन सिलिंडरचे इंजिन मुबलक मिळत होते आणि दमदारही होते, पण ट्रायम्फचे स्वतःचे चेसिस त्या ताकदीला पुरे पडत नव्हते. ज्यांना हे दोन्ही ठाऊक होते त्यांनी ट्रायम्फचे इंजिन नॉर्टनच्या सांगाड्यात बसवले आणि 'ट्रायटन' तयार झाली. कोणत्याही मोठ्या कारखान्याने न काढलेली ही गाडी आज ब्रिटिश मोटरसायकलींच्या इतिहासात मानाने मिरवते.

जुन्या, वापरलेल्या भागांतून मोटरसायकल बांधण्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एका बाजूला ती हौस, कला, स्वातंत्र्य; दुसऱ्या बाजूला ती बेकायदा, धोकादायक आणि कर्णकर्कश. दोन्ही बाजू गाडीच्या दिसण्यापाशी आणि आवाजापाशी थांबतात. ट्रायटन बांधणाऱ्यांनी जे केले ते त्याच्या आधीचे होते. कोणता भाग चांगला, कशासाठी चांगला, कशाशी जुळेल आणि कुठे हार मानेल, याची पारख त्यांनी केली. माझे म्हणणे असे आहे की या उद्योगाचे खरे मोल या पारखीतच आहे. बाकीचे बहुतेक दावे, म्हणजे पैसे वाचतात, पर्यावरण वाचते, तपासले तर बरेच आकसतात. आणि आपल्या कायद्याने नेमकी ही पारखच वाऱ्यावर सोडली आहे: तो बांधणी तपासत नाही, सरसकट नाकारतो, आणि नाकारल्यामुळे जे व्हायचे ते पडद्याआड होत राहते.

अशा गाड्या कुठे आणि का जन्मतात हे पाहिले तर एक धागा सगळीकडे दिसतो. जिथे एकाच रचनेचे यंत्र वर्षानुवर्षे बनत राहिले आणि मग मोठ्या संख्येने वापरातून बाहेर पडले, तिथे हा उद्योग फोफावला. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या हार्ले-डेव्हिडसन डब्ल्यूएलए गाड्या डिस्पोजलमध्ये निघाल्या. त्यांची जड मडगार्ड आणि सामान काढून टाकलेली 'बॉबर' ही पुढच्या सगळ्या चॉपरांची आजी. 1969 च्या 'ईझी रायडर' चित्रपटातल्या गाड्याही लिलावात घेतलेल्या जुन्या पोलिसी हार्लेंवरच बांधल्या होत्या, आणि त्या बांधणाऱ्या बेन हार्डी व क्लिफ व्हॉज या कृष्णवर्णीय कारागिरांची नावे कित्येक दशके कोणी घेतली नाहीत. आपल्याकडे 1955 पासून मद्रासला बुलेट बनू लागली आणि तिच्या ओतीव लोखंडाच्या इंजिनाची मूळ रचना पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकली. 70 मिलिमीटरचा बोअर, 90 मिलिमीटरचा स्ट्रोक, 346 सीसी हे गणित पिढ्यानपिढ्या तेच राहिल्याने एका दशकातला भाग दुसऱ्या दशकातल्या गाडीला थोड्या हातचलाखीने बसतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने 1961 ते 1996 या काळात जावा आणि येझदी काढल्या. यामाहा आरएक्स 100 ही 1985 नंतर साधारण दशकभर बनली आणि तिचे 50 बाय 50 मिलिमीटरचे छोटे टू-स्ट्रोक इंजिन आजही गावोगावचे मेकॅनिक डोळे मिटून उघडतात. मुंबईतले कुर्ल्याचे भंगार आणि चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, चेन्नईचे पुदुपेट, दिल्लीचे करोल बाग यांच्या जिवावर ही बांधणी चालते ती याच तीन-चार गाड्यांमुळे.

आपल्याकडची परंपरा केवळ हौसेचीही नाही. सौराष्ट्रात बुलेटचा पुढचा अर्धा भाग घेऊन मागे दोन चाकांचा हौदा जोडलेला 'छकडा' कित्येक वर्षे माणसे आणि माल वाहत होता. अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी यांनी 1994 च्या सुमारास बुलेटचे मागचे चाक काढून तिथे कोळपणी-पेरणीची अवजारे जोडली. 'बुलेट सांती' हे त्यांचे यंत्र नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनच्या पाठबळाने पेटंटपर्यंत पोचले. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने दुचाकीचे इंजिन, रिक्षाची चाके आणि भंगारातले पत्रे घेऊन किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी केली, तिची चित्रफीत 2021 च्या डिसेंबरात देशभर फिरली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले आणि त्याच दमात सांगितले की ती नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी तिला अडवतील. तेव्हा ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. या व्यवहारात कोणाचे वाईट झाले असे नाही. पण आपण अशा कामाकडे कसे बघतो हे त्यातून स्वच्छ दिसते: कौतुक करावे, प्रदर्शनात ठेवावे, रस्त्यावर मात्र आणू नये. तपासून रस्त्यावर आणता येईल का, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

आता मूळ कामाकडे येऊ, कारण परवानगीचा वाद या कामाच्या तपशिलावर उभा राहिला पाहिजे. 'जुना भाग' ही एकच जात नाही. क्रँककेस, सिलिंडर हेड, गिअरबॉक्सची चाके, हब, चेसिस हे भाग नीट तपासले तर दुसऱ्या आयुष्याला लायक असतात. बेअरिंग, ऑईल सील, ब्रेकची लायनिंग आणि पॅड, ब्रेकचा होज, केबली, चेन आणि स्प्रॉकेट, टायर, वायरिंग हे भाग झिजण्यासाठीच बनवलेले असतात. ते जुने बसवणे ही काटकसर नसून हलगर्जी आहे. टायरच्या बाजूवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. 2319 लिहिले असेल तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे, मग त्याची नक्षी कितीही ताजी दिसो. पहिल्या गटातल्या भागांची पारखही नजरेने होत नाही. प्रत्येक कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये भागागणिक झिजेची कमाल मर्यादा छापलेली असते. बोअर गेजने सिलिंडर मापायचा, तो वर-खाली आणि आडवा-उभा किती झिजलेला आहे ते पाहायचे, मग 0.25, 0.50 अशा पायऱ्यांनी मिळणाऱ्या ओव्हरसाइज पिस्टनपैकी कोणता घ्यायचा ते ठरवून बोअर मारून घ्यायचा. टू-स्ट्रोकचा क्रँक दाबून बांधलेला असतो; तो व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने त्याची लचक शतांश मिलिमीटरमध्ये बघावी लागते. कोल्हापूर किंवा पुण्याच्या जुन्या मशीन शॉपमध्ये हे काम आजही उत्तम होते, आणि ज्याला ते नीट करून घ्यायचे आहे त्याला तिथल्या टर्नरशी मापांच्याच भाषेत बोलावे लागते.

धातूचा थकवा हा याहून अवघड विषय, कारण तो दिसत नाही. पोलादाच्या बाबतीत एक ताणमर्यादा असते, तिच्या खाली राहिले तर तो भाग जवळजवळ कितीही हेलकावे सोसतो. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नसते. लहान ताणसुद्धा पुरेशा वेळा आला तर शेवटी तडा जातोच. म्हणून वीस वर्षे खड्ड्यांतून धावलेले ॲलॉय व्हील आणि तेवढेच धावलेले पोलादी रिम यांना एकाच न्यायाने तोलता येत नाही. तडा शोधायला डाय पेनिट्रंटचा साधा उपाय आहे: भाग स्वच्छ करून त्यावर लाल द्रव फवारायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर मारायचा, केसाएवढी चीर असली तरी लाल रेघ उमटते. चेसिसच्या मानेपाशी, स्विंगआर्मच्या म्हणजे मेकॅनिकांच्या 'चिमट्या'च्या सांध्यापाशी आणि फूटरेस्टच्या ब्रॅकेटपाशी ही तपासणी न करता रंग मारला असेल तर त्या रंगाखाली काय आहे हे बांधणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्यातच वेल्डिंग. नळीला नवा तुकडा जोडताना शेजारचा धातू तापून त्याचा पोत बदलतो आणि तडा बहुधा वेल्डमध्ये न जाता त्याला लागून असलेल्या त्या पट्ट्यात जातो. घासून गुळगुळीत केलेला देखणा जोड मजबूत असेलच असे नाही. घासताना कित्येकदा त्याची जाडीच गेलेली असते.

तिसरी गोष्ट भूमितीची, आणि बहुतेक देखण्या गाड्या इथे फसतात. पुढच्या फोर्कचा कल आणि चाकाचा 'ट्रेल', म्हणजे स्टिअरिंगची अक्षरेषा जमिनीला जिथे टेकते तिथपासून टायर टेकतो त्या बिंदूपर्यंतचे अंतर, या दोघांवर गाडी सरळ राहणे आणि वळणे अवलंबून असते. बुलेटसारख्या साधारण 1370 मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीचे पुढचे टोक 24 मिलिमीटर उचलले तर कल एका अंशाने बदलतो आणि ट्रेल सहा-सात मिलिमीटरने वाढतो. हे सहसा निभावते. पण दुसऱ्याच गाडीची फोर्क आणि तिची 'टी', म्हणजे फोर्कचे पाय स्टिअरिंगला जोडणारा भाग, आणून बसवली, आणि त्या टीचे ऑफसेट मूळच्यापेक्षा 20 मिलिमीटरने कमी असेल, तर ट्रेल एकदम 20 मिलिमीटरहून अधिक वाढतो आणि हँडल जड होते. ऑफसेट तेवढेच जास्त असेल तर ट्रेल तितकाच घटतो आणि वेगात हँडल थरथरू लागते. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. ब्रेकचेही तेच. डिस्कच्या मास्टर सिलिंडरची ताकद त्याच्या व्यासाच्या वर्गाने ठरते. 14 मिलिमीटरच्या जागी 12.7 मिलिमीटरचा बसवला तर तेवढ्याच दाबात साधारण वीस टक्के जास्त जोर मिळतो, पण लिव्हर तितका आत येतो. पुढचा ब्रेक दुसऱ्या गाडीचा, मागचा तिसऱ्या गाडीचा असेल तर ओल्या रस्त्यावर कोणते चाक आधी अडकेल हे मोजून बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. ही सगळी आकडेमोड शाळेतल्या त्रिकोणमितीच्या पलीकडची नाही. म्हणूनच ती न करण्याला सबब उरत नाही.

या कामात पैसे वाचतात हा समज आधी बाजूला ठेवलेला बरा. भंगारातले इंजिन आणि चेसिस स्वस्त पडतात हे खरे, पण बांधणीचा खर्च तिथे नसतो. बोअर, क्रँक, गिअर, बेअरिंगचा संच, दोन टायर, नवे वायरिंग, क्रोम आणि पावडर कोटिंग, आणि मुख्य म्हणजे चुकीचा भाग घेऊन तो पुन्हा विकण्यात जाणारा वेळ, या सगळ्यांची बेरीज केली तर रोज वापरायची साधी नवी गाडी परवडते. ज्याला फक्त कामावर जायचे आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

पर्यावरणाचा दावा जास्त गंभीरपणे तपासायला हवा, कारण तो चांगल्या हेतूने केला जातो. एक टन पोलाद बनवताना जगात सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. समजा जुन्या भागांमुळे नवे शंभर किलो पोलाद वाचले, तर साधारण दोनशे किलो कार्बन डायऑक्साइड वाचला. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो तयार होतो, म्हणजे ही बचत झाली 87 लिटरची. लिटरला चाळीस किलोमीटर देणारी गाडी तेवढे पेट्रोल साडेतीन हजार किलोमीटरमध्ये संपवते. शिवाय जुने कार्बोरेटरचे इंजिन, त्यातही टू-स्ट्रोक, 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 च्या तुलनेत कितीतरी अधिक न जळलेले इंधन बाहेर टाकते. तेव्हा रोज धावणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा दावा टिकत नाही. मात्र एक गोष्ट या हिशेबात सुटते. भट्टीत वितळवलेली गिअरबॉक्स आपल्याला धातू परत देते, त्या धातूवर झालेले काम परत देत नाही. दाते कापणे, कठीण करणे, घासून मापावर आणणे यात गेलेली ऊर्जा आणि कसब दोन्ही वितळून जातात. अजून चालण्याजोगा भाग वितळवणे हा अपव्यय आहे, आणि तो टाळण्यासाठी तो भाग चालण्याजोगा आहे हे ओळखणारा माणूस लागतो. फिरून आपण पारखीपाशीच येतो.

कायदा या पारखीला कुठे जागा देतो? मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातले तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा कोणताही बदल मालकाला करता येत नाही. बॅटरी, सीएनजी अशा मान्यताप्राप्त संचाने इंधन बदलण्याला वाट ठेवली आहे, पूर्वपरवानगीने इंजिन बदलण्यालाही. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आणि उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध जाणाऱ्या बदलांना दार बंद केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आले: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि सर्वस्वी सुट्या भागांतून बांधलेली गाडी? नोंदणीच्या अर्जासोबत विक्रीचा फॉर्म 21 आणि रस्तायोग्यतेचा फॉर्म 22 लागतो, आणि दोन्हींच्या मागे मान्यताप्राप्त उत्पादक गृहीत धरलेला असतो. घरच्या शेडमध्ये गाडी बांधणाऱ्यासाठी या कागदांत रकानाच नाही.

याचा परिणाम व्यवहारात काय होतो ते पाहण्यासारखे आहे. बांधणी थांबत नाही. मुंबईच्या 'वार्देंची'पासून जयपूरच्या 'राजपुताना कस्टम्स'पर्यंत नावाजलेले बांधणारे गेल्या दोन दशकांत उभे राहिले, गोव्यात 2013 साली सुरू झालेल्या 'इंडिया बाइक वीक'सारख्या मेळ्यांत अशा गाड्यांभोवती गर्दी जमते. त्याखालच्या थरात शेकडो अनाम गॅरेज आहेत. तिथली रूढ पद्धत अशी की जुन्या गाडीचे आरसी बुक आणि चेसिसचा नंबर जपायचा आणि त्या एका नंबराभोवती बाकी सगळे बदलायचे. कागद शाबूत, गाडी निराळी. ज्याने फोर्क बदलताना ट्रेल मोजला आणि ज्याने डोळ्यांनी जुळवला, ते दोघे कायद्यासमोर एकाच रांगेत उभे राहतात. आणि दोघांनाही अभियंत्याकडे जाऊन गाडी तपासून घेण्याचे काही कारण उरत नाही, उलट तसे केले तर पुरावाच तयार होतो. सुरक्षेसाठी केलेल्या नियमाने सुरक्षेची तपासणी अशी नकोशी करून ठेवली आहे.

यावरचा पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली आणि त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवरची होती. अशा देशात घरी बांधलेल्या गाड्यांना मोकळीक द्यायची का? माझे उत्तर: मोकळीक देऊ नये, तपासणी द्यावी. त्या वर्षीच्या मृत्यूंतले सर्वाधिक अतिवेगामुळे झाले असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो, पण एवढ्याने सुट्या भागांची गाडी निर्धोक ठरत नाही. तिला धोका आहे, तो नेमका कुठे आहे हे वर मांडले आहे, आणि ते सगळे धोके मोजता येण्यासारखे आहेत. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. जुन्या भागांच्या गाडीत ते बहुधा नसेल, आणि हा तोटा कोणत्याही कसबाने पूर्ण भरून निघत नाही. म्हणून अशा गाड्यांना भाड्याने देणे किंवा धंद्यासाठी वापरणे बंद असावे, एका मालकाला ठरावीक वर्षांत एकच नोंदणी मिळावी, ही बंधने मला रास्त वाटतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने संचातून गाडी बांधणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी आयुष्यात एकदाच उत्सर्जनाच्या नियमातून सूट ठेवली आहे. संख्या मर्यादित ठेवली की प्रदूषणाचा प्रश्नही मर्यादित राहतो, हा त्यामागचा साधा विचार आहे.

दुसरा आक्षेप चोरीचा. मेरठच्या सोतीगंज बाजारात चोरीच्या गाड्या तुकडे करून विकल्या जात, आणि 2021 च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बाजार बंद पाडला. सुट्या भागांच्या गाडीला मान्यता दिली तर अशा बाजारांना गिऱ्हाईक वाढेल ही भीती खोटी नाही. पण आजची स्थिती त्या बाजाराच्या जास्त सोयीची आहे, कारण खरेदीदाराला पावती मागण्याचे काहीच कारण नाही. उद्या नोंदणीसाठी इंजिन, चेसिस आणि गिअरबॉक्स यांच्या उगमाची पावती लागणार असेल, तर पावती नसलेल्या इंजिनाची किंमत आपोआप पडेल. ब्रिटनने 2001 च्या वाहन गुन्हे कायद्याने भंगार गाड्यांच्या व्यापाऱ्यांना नोंदणी आणि नोंदवह्या सक्तीच्या केल्या त्या याच हेतूने. आपल्याकडे 2021 च्या नियमांनी नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रे आली, आणि गाडी मोडण्याआधी ती चोरीची आहे का हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीशी ताडून पाहणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. याच केंद्रांनी चालण्याजोगे भाग क्रमांकासह पावतीवर विकले तर प्रामाणिक बांधणाऱ्याला स्वच्छ माल मिळेल. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहेच. माल कुठून आला हे दाखवण्याची सोपी वाट मात्र आज कोणी ठेवलेली नाही.

आवाजाबद्दल फार वाद घालण्याचे कारण नाही. 175 सीसीच्या वरच्या दुचाकीला 80 डेसिबल आणि 80 ते 175 सीसीला 77 डेसिबल ही मर्यादा नव्या गाड्यांना आहे. ती सुट्या भागांच्या गाडीलाही लावावी आणि त्यात तसूभर सूट देऊ नये. मुंबई-पुण्यात पोलिसांनी जप्त केलेले 'फटाका' सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले तेव्हा कस्टम गाडीच्या प्रेमींनी हळहळण्याचे काही कारण नव्हते. बाफल काढून टाकायला कोणतीही पारख लागत नाही, आणि झोपलेल्या वस्तीतून तो आवाज नेणाऱ्यांनीच या सगळ्या उद्योगाचे नाव सर्वाधिक खराब केले आहे.

तपासणी होऊ शकते का, हा उरलेला प्रश्न. इतर देशांत होते. ब्रिटनमध्ये एकेकट्या मोटरसायकलच्या मंजुरीसाठी स्वतंत्र परीक्षा आहे. ब्रेक, दिवे, आवाज, टोकदार कडा हे सगळे एका गाडीपुरते तपासले जाते, आणि ज्या गाडीचे वय किंवा ओळख खात्रीने सांगता येत नाही तिला 'क्यू' अक्षराची वेगळी नंबरप्लेट मिळते, म्हणजे पुढचा खरेदीदार सावध होतो. जर्मनीत टीयूव्हीसारख्या संस्थेचा अभियंता एकेक बदल पाहून कागदावर चढवतो आणि त्या नोंदीशिवाय बदललेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आपल्याकडे क्षमता नाही असे म्हणावे तर केंद्रीय मोटार वाहन नियम 126 खाली गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी तीन महाराष्ट्रातच आहेत: पुण्याची एआरएआय, पुण्याचीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. कायद्यातही पूर्वउदाहरण आहे. ट्रक आणि बसचे चेसिस एका कंपनीचे आणि बॉडी दुसऱ्याची असते. त्यासाठी फॉर्म 22-अ मध्ये बॉडी बांधणाऱ्याने वेगळे प्रमाणपत्र द्यायचे असते. पन्नास माणसे वाहणाऱ्या बसच्या बाबतीत दोन हातांची जबाबदारी कायदा ओळखतो, मग एका माणसाच्या मोटरसायकलला ती ओळख देणे अशक्य का असावे? पेट्रोलच्या गाडीत विजेचा संच बसवण्याला आज मान्यता आहेच आणि त्या संचाची चाचणी याच संस्था करतात. ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली तेव्हा तिच्या कक्षेत वाहन क्षेत्रही होते. मापे, झिजेच्या मर्यादा आणि वायरिंगचे नकाशे खुले करण्याची मागणी तिथे पुढे रेटली तर स्वतंत्र मेकॅनिकला पारखीचे साधन मिळेल.

उलट बाजूने येणारा एक आक्षेप जुन्या गाड्यांच्या जतनवाल्यांचा आहे आणि मला तो पटतो. शाबूत राजदूत 350 किंवा मूळ रंगाची जावा 250 कापून तिची कॅफे रेसर करणे हे नुकसान आहे. तशी गाडी पुन्हा बनणार नाही. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या वाहनांना 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नोंदणी दिली आहे, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या कित्येक गाड्या आज त्या पात्रतेच्या आहेत. बांधणीसाठी अपघातात मोडलेल्या, अर्धवट, कागद रद्द झालेल्या गाड्या भरपूर मिळतात. एका भागासाठी चांगली गाडी फोडणाऱ्याला बांधणीची परवानगी नाकारली जावी.

तपासणीची पद्धत फार अवजड करण्याची गरज नाही. तपासणी दोनदा हवी: एकदा रंगाआधी उघड्या चेसिसची, वेल्ड आणि सांधे दिसत असताना, आणि एकदा पूर्ण गाडीची, ब्रेकचे अंतर, स्टिअरिंगची भूमिती, दिवे, आवाज आणि धूर मोजून. पहिली तपासणी वगळली तर दुसरीचा उपयोग निम्मा होतो, कारण पावडर कोटिंगखालचा तडा कोणत्याही ब्रेक टेस्टरला दिसत नाही. बांधणाऱ्याने मुख्य भागांच्या पावत्या, झिजेची मापे आणि नवे बसवलेले भाग यांची नोंद सोबत द्यावी, नोंदणीपत्रावर 'एकत्र बांधलेले वाहन' असे स्पष्ट लिहावे, आणि विम्याचा हप्ता त्या नोंदीनुसार ठरावा. सुरुवात पुण्याच्या एका केंद्रापासून करता येईल. पहिल्या काही वर्षांत नापास होणाऱ्या गाड्या बहुधा जास्तच असतील, आणि त्या कशात नापास झाल्या याची यादी जाहीर झाली तर गॅरेजांतल्या बांधणाऱ्यांना आज कुठेही न मिळणारे शिक्षण त्यातून मिळेल.